नळीपासून सुटलेली ज्योत : विसरण ज्योतीचे स्थैर्य, लिफ्ट-ऑफ आणि ब्लो-आउट

नागपूरहून गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असे रेल्वेने रायपूरकडे येताना भिलाईचा पोलाद कारखाना लागतो. अशा कारखान्यांत तयार झालेला, पण त्या क्षणी वापरता न येणारा वायू उंच नळाच्या टोकाशी जाळून टाकतात. त्या ज्योतीला फ्लेअर म्हणतात. फ्लेअरची किंवा जोरात सुटणाऱ्या कोणत्याही वायूची ज्योत निरखून पाहिली, तर पुष्कळदा ती नळाच्या तोंडाला चिकटलेली नसते. तोंड आणि ज्योत यांच्यामध्ये काळी मोकळी जागा असते आणि ज्योत तिच्यावर अधांतरी जळत राहते.

या टिपणात आपण तीन प्रश्न हाताळणार आहोत. ज्योत अधांतरी कशाच्या आधारावर राहते? ती किती उंचीवर थांबेल हे कशावरून ठरते? आणि कोणत्या मर्यादेनंतर ती पूर्णपणे विझते? तिसरा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. ज्योत विझली म्हणून वायू यायचा थांबत नाही, आणि पोलाद कारखान्यातला वायू विषारी असतो. द्रायुगतिकीतील रेनॉल्ड्स संख्या आणि रसायनशास्त्रातील अभिक्रियेचा वेग एवढ्या दोन गोष्टींची ओळख असेल तर पुढील विवेचन समजायला अडचण येऊ नये.

विसरण ज्योत म्हणजे काय

ज्योतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. इंधन आणि हवा आधी मिसळून मग पेटवली तर ती पूर्वमिश्रित ज्योत. घरच्या गॅसच्या शेगडीत बर्नरखालच्या भोकांतून काही हवा आधीच आत ओढली जाते. म्हणून तिची निळी ज्योत बऱ्याच अंशी या प्रकारात मोडते. समईची, मेणबत्तीची किंवा फ्लेअरची ज्योत मात्र वेगळी असते. तिथे इंधन एका बाजूने येते, हवा दुसऱ्या बाजूने येते, आणि जिथे त्यांची गाठ पडते तिथेच ज्वलन होते. दोघे एकमेकांत शिरतात ते विसरणाने, म्हणून हिला विसरण ज्योत म्हणतात.

बर्क आणि शूमान यांनी १९२८ साली विसरण ज्योतीचा पहिला नीटस गणिती विचार मांडला. त्यांचे गृहीतक धाडसी होते: इंधन आणि ऑक्सिजन भेटले की तत्क्षणी जळतात, रासायनिक अभिक्रियेला वेळ लागतच नाही. असे मानले की ज्योत म्हणजे एक पातळ पृष्ठभाग उरतो. त्याच्या आत इंधन, बाहेर हवा आणि पृष्ठभागावर दोन्ही अगदी नेमक्या प्रमाणात, म्हणजे काहीही शिल्लक न उरता जळतील एवढी. त्या पृष्ठभागाला पुढे आपण ‘नेमक्या मिश्रणाचा पृष्ठभाग’ म्हणू. या सिद्धांतातून ज्योतीची उंची आणि आकार चांगला मिळतो, आणि आजही पहिला अंदाज घ्यायला तो पुरेसा आहे.

पण त्यात एक मोठी उणीव आहे. अभिक्रियेला वेळ लागतच नसेल तर ज्योत कधीच विझणार नाही आणि नळीपासून सुटणारही नाही. प्रत्यक्षात दोन्ही घडते. तेव्हा स्थैर्याचा अभ्यास सुरू होतो तो बर्क-शूमान सिद्धांत जिथे संपतो तिथून. पुढे १९७४ साली लिन्यान यांनी अभिक्रियेचा वेळ हिशेबात धरून दाखवले, की इंधन आणि हवा एकमेकांत फार वेगाने ओढली गेली तर पृष्ठभागातून उष्णता निघून जाण्याचा वेग ती निर्माण होण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि ज्योत एकाएकी मरते. मिसळण्याचा वेळ भागिले अभिक्रियेचा वेळ या गुणोत्तराला डामकोलर संख्या म्हणतात. ती मोठी असेल तोवर ज्योत सुरक्षित, एका मर्यादेखाली गेली की संपली.

ज्योतीचे मूळ

पूर्वमिश्रित ज्योतीला स्वतःचा वेग असतो. स्थिर मिश्रणात एका टोकाला ठिणगी टाकली तर ज्योत ठरावीक वेगाने पुढे सरकते. हा ज्वलनवेग. मिथेन आणि हवेसाठी तो सुमारे ०.४ मीटर प्रति सेकंद आहे. हायड्रोजनसाठी कमाल सुमारे ३ मीटर प्रति सेकंद. वायू समोरून नेमक्या त्याच वेगाने येत असेल तर ज्योत जागच्या जागी उभी राहते.

विसरण ज्योतीला असा वेगच नाही. तिच्या एका बाजूला निव्वळ इंधन, दुसऱ्या बाजूला निव्वळ हवा. ती सरकणार कशात? मग वायू ५० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडत असताना ती वाहून का जात नाही?

उत्तर ज्योतीच्या तळाशी आहे. नळीची कड थंड धातूची असते. तिच्या अगदी जवळ ज्योत जगू शकत नाही, कारण धातू उष्णता शोषून घेतो. मिथेनसाठी हे अंतर साधारण २ मिलिमीटर असते. म्हणून ज्योत ‘चिकटलेली’ दिसत असली तरी कड आणि ज्योत यांच्यामध्ये बारीक अंधारी फट असतेच. त्या फटीत इंधन आणि हवा न जळता शेजारी येतात आणि थोडीशी मिसळतात. म्हणजे विसरण ज्योतीचा अगदी खालचा टोकाचा भाग पूर्वमिश्रित असतो. त्या टोकाला वेग असतो, ते प्रवाहाविरुद्ध पुढे सरकू शकते, आणि वरची सगळी ज्योत त्याच्याच जिवावर उभी असते. वडाचे झाड जसे मुळावर उभे असते तसे.

या मुळाची रचना सुरेख आहे. नेमक्या मिश्रणाच्या रेषेवर मूळ सर्वांत पुढे असते. इंधन जास्त असलेल्या बाजूला एक वाकलेली पूर्वमिश्रित शाखा जाते, हवा जास्त असलेल्या बाजूला दुसरी. पहिलीतून उरलेले इंधन आणि दुसरीतून उरलेला ऑक्सिजन मागे मधोमध भेटतात आणि तिथे तिसरी शाखा, म्हणजे खरी विसरण ज्योत, सुरू होते. म्हणून हिला तिहेरी ज्योत म्हणतात. मुळाजवळ गरम वायू प्रसरण पावतो, त्यामुळे समोरून येणारा प्रवाह फाकतो आणि नेमका मुळासमोर मंदावतो. परिणामी हे मूळ साध्या ज्वलनवेगाच्या दोन-अडीच पट वेगाच्या प्रवाहासमोरही टिकू शकते. नळीच्या कडेलगत प्रवाह तसाही मंद असतो, तेव्हा ज्योत कडेला धरून राहते.

वेग वाढवत नेला तर

याचे प्रात्यक्षिक कोणत्याही गॅस वेल्डिंगच्या दुकानात दिवसातून दहा वेळा होते. वेल्डर आधी फक्त ॲसिटिलीनचा नॉब उघडून टॉर्च पेटवतो. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत येते. ती निव्वळ विसरण ज्योत. नॉब आणखी उघडला की काजळी कमी होते आणि एका क्षणी ज्योत टोकापासून सुटून थोडी पुढे जाऊन उभी राहते. मग तो नॉब जरा मागे घेतो, ज्योत परत टोकाला येऊन बसते, आणि त्यानंतरच ऑक्सिजन सोडतो. ज्योत सुटते त्याला लिफ्ट-ऑफ म्हणायचे. नळीपासून मुळापर्यंतचे अंतर म्हणजे लिफ्ट-ऑफ उंची.

वेल्डरच्या हाताला आणखी एक गोष्ट माहीत असते, जी पुस्तकात वाचून खरी वाटत नाही. ज्योत ज्या वेगाला सुटली त्याच वेगाला परत बसत नाही. नॉब त्याहून बराच मागे घ्यावा लागतो. दोन वेगांच्या मधल्या पट्ट्यात ज्योत चिकटलेलीही असू शकते आणि उचललेलीही. ती कुठून आली त्यावर ते ठरते. कारण चिकटलेल्या ज्योतीचे मूळ कडेलगतच्या मंद प्रवाहात बसलेले असते आणि कड थोडी तापलेली असते. एकदा मूळ वर गेले की खाली थंड हवा आत ओढली जाऊ लागते, प्रवाह खळबळता होतो, आणि परतीची वाट अवघड होते.

वेग वाढताना ज्योतीच्या लांबीचे काय होते, हे हॉटेल आणि हॉथॉर्न यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. प्रवाह स्तरीय असेपर्यंत लांबी वेगाबरोबर वाढते. प्रवाह प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला, होऊ लागला की ती उलट कमी होते, आणि पूर्ण प्रक्षुब्ध झाल्यावर वेग कितीही वाढवा, लांबी जवळपास तेवढीच राहते. ती मग फक्त नळीच्या व्यासावर आणि इंधनावर अवलंबून असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. ब्लो-आउटच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

उंची कशावरून ठरते

या प्रश्नावर संशोधकांत दीर्घकाळ वाद झाला. १९६६ साली व्हांकिकेनबोर्न आणि व्हान टिगेलेन यांनी मांडले, की नळीपासून उचललेल्या ज्योतीच्या तळापर्यंत येता येता इंधन-हवा चांगली मिसळलेली असतात. तेव्हा तळ म्हणजे एक प्रक्षुब्ध पूर्वमिश्रित ज्योत, आणि ती नेमक्या मिश्रणाच्या रेषेवर जिथे प्रवाहाचा वेग तिच्या वेगाइतका होतो तिथे थांबते. १९८३ साली पीटर्स आणि विल्यम्स यांनी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते मिसळणे पूर्ण होतच नाही. नळीजवळ विसरण ज्योतीचे पातळ पापुद्रे इतके ताणले जातात की विझतात, आणि ताण जिथे सोसण्याइतका कमी होतो तिथून ज्योत सुरू होते. ब्रॉडवेल, डाम आणि मंगल यांनी १९८४ मध्ये मोठ्या भोवऱ्यांकडे बोट दाखवले: ते गरम वायू कडेने खाली आणून नव्या मिश्रणात कालवतात, आणि हे कालवणे पेटण्यापेक्षा वेगवान झाले की ज्योत टिकत नाही.

नव्वदच्या दशकात लेझरने मुळासमोरचा प्रवाहवेग मोजता येऊ लागला. तो ज्वलनवेगाच्या थोड्याच पटींत सापडला, म्हणजे वर पाहिलेल्या तिहेरी ज्योतीला झेपेल एवढाच. त्यामुळे माझ्या मते पहिली कल्पना, तिहेरी ज्योतीची जोड देऊन, सत्याच्या सर्वांत जवळ आहे. ताणाने विझण्याची कल्पना ज्योत नळीपासून पहिल्यांदा सुटते त्या क्षणासाठी अधिक उपयोगी पडते. मोठ्या भोवऱ्यांची कल्पना विझण्याच्या उंबरठ्यावरचे थरथरणे चांगले समजावते. तीन आंधळे आणि एक हत्ती, असा थोडा प्रकार आहे.

वाद काहीही असो, मोजमाप मात्र अतिशय साधे निघाले. ते करणारे गौतम कलघटगी हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पुढे ब्रिस्टलला त्यांनी पीएच. डी. केली. त्यांनी स्थिर हवेत उभ्या नळीतून हायड्रोजन, मिथेन, प्रोपेन आणि इथिलीन सोडून लिफ्ट-ऑफ उंची मोजली आणि १९८४ साली प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा, की उंची निर्गमवेगाच्या सम प्रमाणात वाढते आणि नळीच्या व्यासावर अवलंबून नसते. बारीक नळी घ्या वा जाड, वेग तोच तर उंची तीच. त्यांचे सूत्र शब्दांत लिहू:

लिफ्ट-ऑफ उंची = ५० × (शुद्धगतिक श्यानता ÷ ज्वलनवेगाचा वर्ग) × निर्गमवेग × (इंधनाची घनता ÷ हवेची घनता) याचा १.५ वा घात

सूत्र पाठ करण्याआधी त्याच्या आत काय आहे ते पाहा. श्यानतेचे एकक चौरस मीटर प्रति सेकंद आहे. तिला वेगाच्या वर्गाने भागले की सेकंद उरतात. म्हणजे कंसातली पहिली राशी ही वेळ आहे, ज्योतीला स्वतःच्या जाडीइतके जळायला लागणारा वेळ. मग सूत्र सांगते ते एवढेच: अंतर बरोबर वेग गुणिले वेळ, आणि सोबत काही स्थिरांक. शाळेतले गणित. व्यास त्यात येत नाही, कारण रासायनिक वेळेला नळीचा व्यास माहीतच नसतो.

आता आकडे घालू. मिथेनसाठी श्यानता सुमारे ०.०००००१७ ची दहापट, म्हणजे ०.००००१७ चौरस मीटर प्रति सेकंद, ज्वलनवेग ०.४, म्हणून वेळ साधारण एक दशहजारांश सेकंद. घनता-गुणोत्तर ०.५५, त्याचा १.५ वा घात ०.४१. निर्गमवेग ५० मीटर प्रति सेकंद असेल तर उंची सुमारे ११ सेंटिमीटर येते. तेच हायड्रोजनसाठी करा. ज्वलनवेग सात-आठ पट, त्याचा वर्ग भागाकारात, शिवाय हायड्रोजन अतिशय हलका. उत्तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे मिथेनची ज्योत वीतभर नाही तरी चांगली बोटभर वर तरंगते, त्याच वेगाला हायड्रोजनची ज्योत नळीला चिकटलेलीच असते.

ज्वलनवेग वर्गात येतो हे विसरू नका. तो निम्मा झाला की उंची चौपट होते. पुढे भिलाईच्या वायूकडे वळताना हेच लागेल.

ब्लो-आउट : इथे व्यास परत येतो

वेग वाढवत राहिले की मूळ वर वर जाते. पण किती वर? ज्योतीला नेमक्या मिश्रणाचा पृष्ठभाग हवा, आणि तो अनंत नाही. नळीवर एका घंटेसारखा उभा असलेला हा पृष्ठभाग एका उंचीवर अक्षाशी मिटतो. त्या कळसाच्या वर सगळीकडे हवाच जास्त, मिश्रण पातळ. मूळ कळसाजवळ पोहोचले की त्याला उभे राहायला जागा उरत नाही आणि ज्योत वाहून जाते. हेच ब्लो-आउट.

कळसाची उंची मात्र, हॉटेल-हॉथॉर्न यांच्या ज्योतीच्या लांबीसारखीच, वेगावर नाही तर व्यासावर ठरते. मिथेनसाठी कलघटगी यांच्या १९८१ सालच्या सूत्राने ती सुमारे ३१ व्यास येते. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. मुळाची उंची वेगाबरोबर वाढते, व्यासाशी तिला देणेघेणे नाही. कळसाची उंची व्यासाबरोबर वाढते, वेगाशी तिला देणेघेणे नाही. तेव्हा मूळ कळसापर्यंत कोणत्या वेगाला पोहोचेल ते व्यासाच्या सम प्रमाणात असणार. ५ मिलिमीटर नळीतून मिथेन सोडला तर ब्लो-आउट सुमारे ६० मीटर प्रति सेकंदाला होतो, १० मिलिमीटरला सुमारे ११८ ला. आणि दोन्ही वेळा मूळ कळसाच्या सुमारे ८५ टक्के उंचीवर असते. दोन स्वतंत्र सूत्रांतून हे एकच गुणोत्तर बाहेर पडते. परीक्षेत लिफ्ट-ऑफ उंची व्यासावर अवलंबून नाही आणि ब्लो-आउट वेग आहे, ही दोन वाक्ये शेजारी आली की विद्यार्थी गोंधळतात. वरचे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर गोंधळ होऊ नये.

याचा एक भयावह परिणाम आहे. नळी पुरेशी जाड असेल तर वायू कितीही दाबाने सोडला तरी ज्योत आपोआप विझत नाही. आसाममध्ये बाघजानची तेल-वायू विहीर मे २०२० मध्ये फुटली आणि ९ जूनला तिने पेट घेतला. ती आग वायूच्या जोराने उडून गेली नाही. नोव्हेंबरमध्ये विहीर खालून बंद केली तेव्हाच ती थांबली.

भिलाईचे दोन वायू

रायपूरपासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा एकात्मिक पोलाद कारखान्यात दोन मुख्य वायू फुकट मिळतात. कोळशाचा कोक करताना निघतो तो कोक ओव्हन गॅस. त्यात निम्म्याहून अधिक हायड्रोजन, साधारण पाव भाग मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो. उष्मांक घनमीटरला चार हजार किलोकॅलरींच्या आसपास. झोतभट्टीच्या माथ्यातून निघतो तो ब्लास्ट फर्नेस गॅस. त्यात निम्मा नायट्रोजन, पंचमांश कार्बन डायऑक्साइड, वीस-पंचवीस टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जेमतेम काही टक्के. उष्मांक घनमीटरला ७००–९०० किलोकॅलरी. पण तो प्रचंड प्रमाणात मिळतो, टनभर लोखंडामागे सुमारे दीड हजार घनमीटर. तो फेकून देणे परवडत नाही.

स्थैर्याच्या दृष्टीने हे दोन वायू दोन टोकांना आहेत. कोक ओव्हन गॅसमधील हायड्रोजन ज्योतीला नळीशी घट्ट धरून ठेवतो. ब्लास्ट फर्नेस गॅसची गोष्ट उलटी. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश घटक जळतच नाहीत, नुसती उष्णता खातात. शिवाय कोरडा कार्बन मोनॉक्साइड फार सावकाश जळतो. त्याला भराभर जळायला हायड्रोजन किंवा पाण्याच्या वाफेतून मिळणारा हायड्रॉक्सिल मूलक लागतो. ज्वलनवेग मिथेनपेक्षा बराच कमी, आणि तो वर्गात.

आता कळसाचा विचार करा. मिथेनच्या एका घनमीटरला साडेनऊ घनमीटर हवा लागते, कोक ओव्हन गॅसला चार-साडेचार, ब्लास्ट फर्नेस गॅसला फक्त ०.६ च्या आसपास. म्हणजे तो वायू हवेत थोडासा मिसळला की लगेच नेमके मिश्रण ओलांडतो. कळस नळीच्या तोंडालगतच मिटतो. कलघटगी यांच्या सूत्रात हे आकडे घातले तर कळसाची उंची चक्क ऋण येते. सूत्र अशा पातळ इंधनासाठी केलेलेच नाही, तेव्हा तो आकडा खरा मानायचा नाही. पण त्यातला इशारा खरा आहे. या वायूच्या मोकळ्या झोताला ‘उचलून तरंगण्याची’ अवस्था जवळपास मिळतच नाही. ज्योत कडेला धरून आहे तोवर आहे, सुटली की सरळ विझते. मधली पायरी नाही.

म्हणून बर्नर घडवणाऱ्यांनी कडेवर भरवसा ठेवणे सोडले आहे. एक उपाय मिश्रणाचा: ब्लास्ट फर्नेस गॅसमध्ये थोडा कोक ओव्हन गॅस मिसळायचा. यातून मिळणारा मिश्र वायू रोलिंगआधी पोलाद तापवणाऱ्या भट्ट्यांत वापरतात. उष्मांक वाढतो हे खरे, पण माझ्या मते स्थैर्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो सोबत येणारा हायड्रोजन. दुसरा उपाय हवा आणि वायू आधी तापवण्याचा. तापमानाबरोबर ज्वलनवेग झपाट्याने वाढतो. तिसरा, हवेला गिरकी देण्याचा किंवा वाटेत आडवा अडथळा ठेवण्याचा: दोन्हींमुळे मागे भोवरा तयार होतो, तो जळलेला गरम वायू मुळाकडे परत आणतो, आणि मुळाला मंद प्रवाहाची जागाही देतो. चौथा, शेजारी सतत जळणारी पायलट ज्योत. फ्लेअरच्या टोकाशी ती अत्यावश्यक असते, कारण वाऱ्याचा भरवसा नाही. आणि सर्वांत जुना, सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लाल तापलेल्या विटा. झोतभट्टीची हवा तापवणाऱ्या स्टोव्हमध्ये ब्लास्ट फर्नेस गॅस तापलेल्या विटांच्या कोठीत जळतो. ज्योत क्षणभर गेली तरी भिंत तिला पुन्हा पेटवते.

यावरून धोका नेमका कधी, ते कळते. भट्टी गरम असताना नव्हे, तर थंड भट्टी सुरू करताना. औद्योगिक भट्ट्यांच्या सुरक्षा-नियमांत ७६० अंश सेल्सिअस ही रेषा प्रचलित आहे: कोठी त्याहून गरम असेल तर आलेला वायू आपोआप पेटेल असे धरता येते, त्याखाली नाही. त्या रेषेखाली ज्योत सुटून विझली तर वायू भट्टीत साठत जातो. कार्बन मोनॉक्साइड हवेत १२.५ ते ७४ टक्के असला तर स्फोटक असतो. एवढा रुंद पट्टा फार थोड्या वायूंना आहे. म्हणूनच विझलेला बर्नर घाईने पुन्हा पेटवायचा नसतो. आधी वायू बंद, मग कोठी हवेने धुऊन काढायची, आणि त्यानंतरच ठिणगी. ज्योत दिसते की नाही हे पाहणारा संवेदक बसवतानाही लिफ्ट-ऑफचा विचार करावा लागतो. तो नळीच्या तोंडाकडे रोखला असेल आणि ज्योत हातभर पुढे सरकली असेल, तर जळत असलेली ज्योत त्याला दिसणार नाही. उलट शेजारच्या बर्नरची ज्योत दिसली तर विझलेला बर्नर जळतो आहे असे तो सांगेल. दोन्हींत दुसरी चूक जास्त घातक.

न जळलेला वायू काय करतो हे भिलाईने पाहिले आहे. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पंपहाउसमध्ये पाण्याचा दाब घटला, झोतभट्टीचा वायू पाण्याच्या वाटेने उलटा आला आणि ६ जणांचा मृत्यू झाला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. तिथे कोणतीही ज्योत विझली नव्हती, तेव्हा ही घटना ब्लो-आउटचे उदाहरण म्हणून देता येणार नाही. पण रंग नाही, वास नाही अशा वायूच्या बाबतीत ज्योत ही निव्वळ उष्णतेची सोय नसून विषाचा निचरा असते, हे त्यावरून समजते.

रायपूरच्या उरला आणि सिलतरा भागातील रोलिंग मिलना हा विषय वेगळ्या वाटेने भेटणार आहे. मुंबई–नागपूर–झारसुगुडा या नैसर्गिक वायू वाहिनीचा मार्ग छत्तीसगडमधून जातो. कोळशावरून किंवा प्रोड्यूसर गॅसवरून नैसर्गिक वायूवर जाताना फक्त पाइप बदलून भागत नाही. प्रोड्यूसर गॅसच्या रुंद तोंडाच्या बर्नरमधून मिथेन सोडला तर तेवढ्याच उष्णतेसाठी वायू फार कमी लागतो, वेग पडतो, ज्योत लांब, आळशी आणि पिवळी होते. म्हणून तोंड बारीक केले की वेग वाढतो आणि लिफ्ट-ऑफची बाजू सांभाळावी लागते. उद्या त्यात हायड्रोजन मिसळू लागले तर चित्र पुन्हा पालटेल. ज्योत इतकी चिकटेल की सुटण्याची चिंता जाऊन बर्नरची कड जळण्याची चिंता सुरू होईल.

सरावासाठी

१. प्रोपेनची शुद्धगतिक श्यानता ०.०००००४५ चौरस मीटर प्रति सेकंद, ज्वलनवेग ०.४६ मीटर प्रति सेकंद आणि हवेच्या तुलनेत घनता १.५२ धरून ५० मीटर प्रति सेकंद वेगाला लिफ्ट-ऑफ उंची काढा. उत्तर मिथेनच्या ११ सेंटिमीटरच्या इतके जवळ का येते, ते सूत्रातील प्रत्येक घटक वेगळा तपासून सांगा.

२. ८ मिलिमीटर नळीतून मिथेन ८० मीटर प्रति सेकंद वेगाने सोडला आहे. ज्योत टिकेल का? टिकली तर मूळ कळसाच्या किती टक्के उंचीवर असेल?

३. फ्लेअरच्या नळाचा व्यास दुप्पट केला आणि वायूचा एकूण पुरवठा तेवढाच ठेवला. लिफ्ट-ऑफ उंची किती पट होईल, आणि ब्लो-आउटपासूनचे अंतर वाढेल की घटेल? आडवा वारा असताना हाच बदल फायद्याचा ठरेल का, याचाही विचार करा.